पाकिटातली तीन फुलं

कृषी खात्याचं खोकं आलं तेव्हा ती चहाचा पहिला घोट घेत होती. सोबतची चिठ्ठी वाचून संपेपर्यंत चहा पार निवून गेला.

खोक्यात एका टोमॅटोच्या शेतातून उपटून आणलेलं तण होतं. वाळून तपकिरी झालेल्या काड्या. ना पान, ना हिरवेपणाचा मागमूस. या तणाला बंबाखू म्हणतात. स्वतः कष्ट करून जगणं याला माहीतच नाही. जमिनीखाली दुसऱ्या पिकाच्या मुळाला तोंड लावायचं, त्याचं अन्नपाणी आयतं ओढायचं आणि वर डोकं काढायचं ते थेट फुलं घेऊनच. त्या भागात याची एकच जात ठाऊक होती. सरळसोट, एकच दांडा असलेली. प्रयोगशाळेत सगळे तिला एकदांडी म्हणत. दुसरी एक जात होती, बुडापासून फांद्या फुटणारी, पण ती लांबच्या प्रदेशात. तिचं नाव फांदीवाली. एकदांडीचं पोट टोमॅटो, तंबाखू आणि त्यांच्या भाऊबंदांवर भागतं. फांदीवाली मात्र महाखादाड. मोहरी म्हणू नका, कोबी म्हणू नका, मसूर म्हणू नका, पुढ्यात येईल ते तिला चालतं. त्यामुळे एकदांडी निघाली तर ‘पुढच्या हंगामात मोहरी लावा’ असं सांगता येतं. फांदीवाली असली तर तोच सल्ला शेत बुडवतो.

ताजी झाडं शेजारी शेजारी ठेवली तर फरक कळतो. पण वाळून चुरा झालेल्या काड्या, नाहीतर धुळीसारखं बी हातात आलं, की भल्याभल्यांची मती गुंग होते. तिथं तिचं काम सुरू व्हायचं. दोन्ही जातींच्या डीएनएत एक तुकडा असा आहे, की एकीत तो लांब असतो, दुसरीत आखूड. तेवढाच तुकडा हेरून यंत्रात कोट्यवधी पटींनी वाढवायचा, जेलीच्या पातळ थरात सोडायचा आणि वीज लावायची. आखूड तुकडा पुढे पळतो, लांब मागे रेंगाळतो. मग दिव्याखाली धरलं की चमकत्या रेघा दिसतात. रेघ पुढे की मागे, एवढ्यावर जात ठरते. वीस वर्षं ती हेच करत आली होती, आणि तरीही दिवा लावण्याआधी ती दरवेळी चष्मा पुसून घ्यायचीच.

या खोक्यातल्या सगळ्या काड्यांची रेघ पुढे निघाली. फांदीवाली.

खात्याची धांदल उडाली. यंदा बाहेरून आणलेल्या बियाण्यातूनच ही बला आली, असं जो तो म्हणू लागला. पण वरच्या साहेबांनी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला: ही नवीच आली आहे, की आधीपासून इथंच होती आणि कुणाच्या लक्षात आली नाही? कळायचं कसं? एकच मार्ग होता. त्या भागातून पूर्वी गोळा करून, दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवलेली झाडं तपासायची.

त्यासाठी ती वनस्पतिसंग्रहाच्या खोलीत गेली. तिथल्या संग्रहपाल बाई म्हणजे कडक काम. लोखंडी कपाटांच्या किल्ल्या त्या कमरेला लावूनच जेवत, अशी सगळ्यांची खात्री होती.

“किती तोडणार?” बाईंनी विचारलं.

“तांदळाच्या दाण्याएवढं.”

“अख्ख्या की कणीच्या?”

“कणीच्या,” ती हसून म्हणाली.

बाईंनी कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. अकरा कागद निघाले. तिनं एकेक बाजूला ठेवत नेला, आणि नवव्या कागदावर तिचा हात थांबला. खालच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर उजवीकडे झुकलेलं, लांब शेपट्यांचं अक्षर होतं. चष्मा नसता तरी तिनं ते ओळखलं असतं.

सरकाकांचं अक्षर. तारीख छत्तीस वर्षांपूर्वीची.

*

तेव्हा ती दहा वर्षांची होती. तिचे बाबा याच संस्थेत चित्रकार होते. झाडांची चित्रं काढायची, तीही शास्त्रासाठी. मुळावरचा एक केससुद्धा मनानं वाढवायचा नाही की गाळायचा नाही. आणि तणविभागाचे प्रमुख म्हणजे सर. सगळं जग त्यांना सर म्हणायचं. घरी मात्र आई म्हणायची, “त्यांना काका म्हण.” तिनं दोन्ही जोडून टाकलं आणि ते सरकाका झाले ते कायमचे.

ते दोन गल्ल्या सोडून राहायचे. रविवारी सकाळी जिन्यावर बुटांचा आवाज यायचा आणि दार उघडायच्या आधीच हाक यायची, “चित्रकार, उठलात का?” बाबा पहाटेपासून उठलेलेच असायचे. खिडकीपाशी त्यांचं तिरकं टेबल होतं. त्यावर ओळीनं पेन्सिली, टोकं अशी की बोटाला लागावीत. सरकाका शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि एखादं झाड पुढ्यात ठेवून तासन्‌तास बोलायचे. बाबा मान न वर करता “हं” म्हणायचे. आई म्हणायची, “एकाला ऐकायला कुणी लागतं, दुसऱ्याला बोलायला. छान जमलंय दोघांचं.”

तिचं काम भिंग धरायचं. पितळी दांड्याचं जड भिंग होतं. बाबांच्या दोन्ही हातांना काम असलं की ती ते फुलावर धरून उभी राहायची. हात हलला की बाबा नुसतं “अंहं” म्हणायचे. सरकाकांनी तिचं नावच भिंगवाली ठेवलं. “भिंगवाली, आज काय दिसतंय?” ते विचारायचे, आणि ती दिसेल ते सांगायची: केस, ठिपके, एकदा तर चक्क एक मुंगी. ते गंभीरपणे वहीत लिहून घ्यायचे. तिला वाटायचं, आपण सांगितलेलं सगळं पुस्तकात छापून येणार.

पुस्तक खरंच होणार होतं. शेतातल्या तणांची ओळख करून देणारं, जाडजूड, पानोपानी चित्रं असलेलं. मजकूर सरकाकांचा, चित्रं बाबांची. त्यासाठीच सरकाका सुट्टीत गावोगाव हिंडून झाडं गोळा करायचे, आणि एक-दोनदा तिलाही जीपमधून घेऊन गेले होते. त्या जीपच्या मागच्या सीटची फाटकी रेक्झिन आणि तीतून डोकावणारा स्पंज तिला अजून आठवत होता.

आणि मग बंबाखूचं पान आलं.

बाबांनी कागदावरचा अख्खा दांडा काढला. फुलाचं मोठं चित्र हवं होतं, पण दांड्यावरचं फूल तोडायचं नाही असा सरकाकांचा दंडक. त्यासाठी कागदाच्या कोपऱ्यात छोटं पाकीट चिकटवलेलं असे, त्यात सुटी फुलं. बाबांनी त्यातलं एक कोमट पाण्यात भिजवलं, मऊ केलं, आणि तिनं भिंग धरलं. फुलाच्या बुडाशी बारीक खवले होते. बाबांनी तिला विचारलं, “किती?” तिनं मोजले. तीन. बाबांनीही मोजले. तीन. त्यांनी तीन काढले.

सोमवारी संस्थेत सरकाकांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, “हे दोन खवले खोडा. या जातीला एकच असतो.”

“मला तीन दिसले,” बाबा म्हणाले.

“फांद्या फुटणारीला तीन असतात. हिला एक. मी आत्ता कागद बघून आलो. एकच आहे.”

“सर, मी दिसतं ते काढतो.”

शब्दानं शब्द वाढत गेला. दोघंही कधी आवाज न चढवणारे. कदाचित म्हणूनच त्या दिवशी त्यांना थांबायचं कुठं ते कळलं नाही. शेवटी सरकाका म्हणाले, “मग डोळे तरी तपासून घ्या.” सगळ्या विभागासमोर. बाबांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली, टोपी घेतली आणि घरी आले. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. पुढं आयुष्यभर शाळांसाठी तक्ते काढले. हृदय, फुप्फुसं, बेडकाची आतडी. तेही सुरेखच काढले.

पुस्तक वर्षानं छापून आलं. बंबाखूच्या पानावर फुलाला एकच खवला होता. उरलेले दोन कुणीतरी ब्लेडनं खरवडून काढले होते. जागा जरा पांढुरकी दिसत होती. खाली सही मात्र बाबांचीच. बाबांनी ते पान एकदा पाहिलं, पुस्तक मिटलं आणि ते पुन्हा कधी उघडलं नाही.

रविवारी सकाळी जिना मुका झाला. कितीतरी रविवार ती दाराशी जाऊन उभी राहायची. आई म्हणाली, “आता नाही येणार गं ते.” ती मोठी झाली, वनस्पतिशास्त्रच शिकली, याच संस्थेत लागली, तोवर सरकाका निवृत्त होऊन गेले होते. त्यांच्या गल्लीवरून ती मुद्दाम जायची नाही. एक गोष्ट मात्र तिच्या मनात पक्की होती. बाबा बरोबर होते. तिनं स्वतः मोजले होते. तीन.

*

आता तो कागद तिच्या टेबलावर होता, आणि मनात एक लबाड आशा उभी राहिली होती. फांदीवालीची रोपं उपाशी राहिली, खुरटली, तर कधीकधी त्यांना फांद्या फुटतच नाहीत. एकच दांडा येतो. हाही तसाच असला तर? मग खवले तीनच असायला हवेत. बाबा बरोबर, सरकाका चूक, आणि खात्यालाही उत्तर मिळालं: फांदीवाली छत्तीस वर्षांपासून इथंच आहे.

तिनं चिमट्यानं दांड्याचा कणीएवढा तुकडा काढला. जुन्या झाडांतला डीएनए झिजून बारीक झालेला असतो, म्हणून तिनं असाच फरक दाखवणारा आणखी छोटा तुकडा निवडला. शेजारी ताज्या एकदांडीचा आणि ताज्या फांदीवालीचा नमुना लावला. सकाळभर यंत्र घरघरत राहिलं. दुपारी दिवा लावला.

रेघ मागे होती. एकदांडी.

तिनं पुन्हा केलं, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या हातमोज्यांनी. तेच.

“अगं, एवढं काय तोंड पाडून बसलीस?” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. “निकाल आला ना स्वच्छ?”

“स्वच्छ आलाय गं,” ती म्हणाली.

संध्याकाळी घरी गेली तर बाबा खिडकीपाशी बसले होते. ऐंशीच्या घरात आले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. चित्रं आता होत नव्हती, पण पेन्सिली रोज तासायचे. डोळे तपासून घ्या, हे वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा आपल्याच तोंडून या माणसाला ऐकवायचं? तिचं धाडस झालं नाही.

सकाळी कागद परत करायला निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. मागे फिरली. कागद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. दांड्यावरचं एकेक फूल पाहिलं. प्रत्येकाच्या बुडाशी एकच खवला. सरकाका खोटं बोलले नव्हते.

मग तिची नजर कोपऱ्यातल्या पाकिटावर गेली.

कागद पिवळा पडून कडक झाला होता. तिनं घडी हळूहळू उलगडली. आत तीन फुलं. एक चपटं, सुरकुतलेलं, कधीतरी भिजवून पुन्हा वाळलेलं. दोन तशीच. तिनं एक भिंगाखाली घेतलं.

तीन खवले.

तिनं फूल उलटंपालटं करून पुन्हा मोजले. तीनच. मग पाकळीचा तुकडा घेतला, इतका बारीक, की चिमट्याच्या टोकावर आहे की नाही हे भिंगातूनच बघावं लागलं. दुपारी दिवा लावला. दांड्याची रेघ मागे, फुलाची पुढे. एकाच कागदावर दोन जाती.

म्हणजे पाकिटातली फुलं त्या दांड्याची नव्हतीच. मग कुणाची? कुणी भरली?

आणि ते शेत तिच्यासमोर उभं राहिलं.

ऊन होतं. टोमॅटोच्या चुरडलेल्या पानांचा तो उग्र वास होता. सरकाका गुडघ्यावर बसून दांडा मुळासकट काढत होते, घामानं त्यांची कॉलर ओली झाली होती. त्यांनी खिशातून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं. “भिंगवाली, अशाच झाडाची दोन-तीन सुटी फुलं घाल यात. याची नको तोडूस.” ते दांडा कागदात ठेवायला जीपकडे गेले. ती वाकून शोधत राहिली. जवळच तसाच एक दांडा होता, पण त्याची फुलं मळकट पांढरी, कडांनाच तेवढी निळी. आणि पुढे, टोमॅटोच्या पानांखाली दडलेलं, एक छोटंसं झुपकेदार रोप होतं. त्याची फुलं किती निळी! तिला ती आवडली. तिनं तीन तोडली, पाकिटात घातली, घडी घातली आणि धावत जाऊन दिलं. “शाब्बास,” सरकाका म्हणाले. पाकीट न उघडताच त्यांनी चिकटवलं.

तिनं पाकिटाची घडी होती तशी पुन्हा घातली.

*

खात्याला कळवणं सोपं होतं: छत्तीस वर्षांपूर्वीच्या कागदावर फांदीवालीची फुलं सापडली आहेत, ती यंदाच्या बियाण्यातून आलेली नाही. ते पत्र तिनं तासाभरात लिहिलं. घरी काय बोलायचं, ते दोन दिवसांत सुचेना.

शेवटी शनिवारी दुपारी तिनं बाबांसमोर खुर्ची ओढली आणि जसं झालं तसं सांगून टाकलं. बाबा पेन्सिल तासत ऐकत होते.

“म्हणजे मी तीन काढले ते बरोबर,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि तो एक म्हणत होता तेही बरोबर.”

“हो बाबा. त्यांनी दांडा बघितला. तुम्ही पाकिटातलं फूल.”

“मग चुकलं कोण?”

“मी,” ती म्हणाली, आणि शेहेचाळीस वर्षांच्या, हाताखाली चार माणसं असलेल्या बाईचा आवाज दहा वर्षांच्या मुलीसारखा फुटला. “मला ती निळी आवडली होती.”

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि आधीच धुतलेला कप पुन्हा धुवायला लागले. पाणी बराच वेळ वाहत होतं. परत आले तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर ओलाच हात ठेवला.

“एवढीशी तर होतीस,” ते म्हणाले. “आम्ही दोन घोडे होतो ना? एकानंही पाकीट आणि दांडा शेजारी धरून बघू नये?”

रविवारी सकाळी ती उठली तेव्हा बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून बसले होते.

“कुठं निघालात?”

“त्याचं घर अजून तिथंच आहे ना?” ते म्हणाले. “की तेही हलवलंय?”

*

दार सरकाकांच्या सुनेनं उघडलं. तिनं बाबांना ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी, ती या घरात आली त्याच्या आधीचं हे सगळं. “आत या,” ती म्हणाली. “जरा मोठ्यानं बोला हं, सासऱ्यांना कमी ऐकू येतं.”

सरकाका खिडकीजवळ खुर्चीत होते. वय शहाऐंशी. देह चिपाड झाला होता, पण मान तशीच ताठ. पायांचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. सावली पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. एकदा बाबांकडे, एकदा तिच्याकडे, पुन्हा बाबांकडे.

“चित्रकार,” ते म्हणाले. “उशीर केलात.”

“जिने वाढलेत तुमचे,” बाबा म्हणाले.

“काय?”

“जिने!” बाबा ओरडले. “वाढलेत!”

“वाढणारच. मीही मोजत नाही आता.” त्यांनी तिच्याकडे बोट केलं. “आणि ही भिंगवाली. केस पिकले की गं तुझे.”

ती त्यांच्या खुर्चीजवळ बसली आणि म्हणाली, “सरकाका, ते बंबाखूचं पाकीट मी भरलं होतं.”

“काय?”

“पाकीट! मी भरलं होतं!”

सरकाकांच्या भुवया वर गेल्या. “पाकीट मारलं? कुणाचं?”

बाबा असे हसत सुटले, की त्यांना खोकला लागला आणि सून पाणी घेऊन धावत आली. अशानं तो कबुलीजबाब तीनदा द्यावा लागला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. शेवटी शेवटी शेजारच्या बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं. दुसऱ्यांदा ती रडली होती. तिसऱ्यांदा रडायला सवडच नव्हती, ओरडण्यातच दम संपला.

सरकाकांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “पाकिटात किती फुलं उरलीत?”

“तीन. एक बाबांनी भिजवलेलं.”

“सांभाळा ती. संपवू नका सगळी.” मग ते स्वतःशीच पुटपुटले, “दोन्ही जाती. एकाच शेतात. आणि मी तिथं गुडघे टेकून बसलो होतो.” ते बाबांकडे वळले. “चित्रकार, एक सांगायचं होतं. ते ब्लेड छापखान्यातल्या कुणी नव्हतं चालवलं. मी चालवलं होतं.”

बाबांचं हसू मावळलं. हा घाव त्यांच्यासाठी नवा होता; इतकी वर्षं ते छापखान्यातल्या कुणा अनोळखी माणसाला दोष देत आले होते.

“आणि सही?” त्यांनी विचारलं. मोठ्यानं बोलले नाहीत, तरी सरकाकांना ते ऐकू गेलं. कदाचित ओठांवरून कळलं असेल.

“सही ठेवली. चित्र तुमचं होतं. दोन खवल्यांपायी तुमचं नाव काढून टाकायचं?”

“मला वाटलं, माझी फजिती करायला ठेवलीत.”

“फजिती?” सरकाका पुढे वाकले. “अहो, तुमच्यानंतर माझ्या एका पुस्तकाला धड चित्र मिळालं नाही. मला वाटत होतं, एखाद्या रविवारी तुम्ही याल आणि भांडाल. मी वाट बघितली.”

“मीही बघितली,” बाबा म्हणाले. “हाकेची.”

सुनेनं चहा आणून ठेवला. दोघांनी तो बशीत ओतून, फुंकर मारत, एकमेकांकडे न बघता प्यायला.

*

संग्रहातला तो कागद नियमाप्रमाणे विभागायचा होता. दांडा जुन्याच कागदावर राहणार. फुलांसाठी नवा कागद, नवा क्रमांक, नवी चिठ्ठी. संग्रहपाल बाई चिठ्ठी लिहायला बसल्या. जात, जागा, जुनी तारीख, सगळं लिहून झालं. ‘गोळा करणार’ या रकान्याशी त्या थांबल्या.

“सरांचंच नाव ना?”

“त्यांनाच विचारा,” ती म्हणाली, आणि फोन लावून दिला.

पलीकडचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू आला. “मी नाही गोळा केली! भिंगवालीनं केली. तिचं नाव लिहा.”

“अहो सर,” बाई ओरडल्या, “त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या.”

“मग? फुलं तोडली ना तिनंच? वय विचारणारा रकाना आहे का तुमच्या चिठ्ठीवर?”

बाईंनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. वयाचा रकाना नव्हता. त्यांनी तिचं पूर्ण नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं, खाली जात कशी ठरवली त्याची नोंद केली, डीएनएची खूण, तारीख. मग कधी नव्हे ते कपाटाची किल्ली तिच्या हातात देऊन म्हणाल्या, “ठेवा तुम्हीच.”

त्यानंतर सरकाका सव्वा वर्ष होते. दर रविवारी बाबा जायचे. ती खालपर्यंत सोडायला जायची आणि वर न जाता जिन्याशी थोडी रेंगाळायची, कारण वरून दोघांचं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. सरकाका तासन्‌तास सांगत राहायचे, आणि बाबांना आता ‘हं’सुद्धा ओरडून म्हणावं लागायचं. कधी कुठल्या साली जीप बंद पडली यावरून वाद, कधी एखाद्या पानाच्या कडेवरून. एकदा तर बाबा तणतणत खाली आले: “चौकोनी दांडा म्हणतो! डोळे तपासून घे म्हटलं त्याला!” आणि घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होते.

सरकाका गेले त्या आठवड्यात खात्याकडून तिच्याकडे चाळीस नवे नमुने आले. ती कामाला लागली. रविवारी सकाळी बाबा सवयीनं बूट घालून बसले, आणि मग तसेच बसून राहिले. तिनं शेजारी खुर्ची ओढली. “बाबा,” ती म्हणाली, “मी लहान होते तेव्हा सरकाका पहिल्यांदा आपल्याकडे आले, ते कसे आले होते?”

“ते होय?” बाबा म्हणाले, आणि जरा आठवून सांगायला लागले.